दुधाची गाठ आणि दोन आठवडे

ऑगस्टचा पहिला आठवडा आला की खान्देशातल्या अंगणवाड्यांच्या आणि ग्रामीण रुग्णालयांच्या भिंतींवर स्तनपानाची पोस्टरं लागतात. ऑक्टोबरात त्याच भिंतींवर गुलाबी फीत येते, स्तनांच्या कॅन्सरची शिबिरं होतात. अवयव तोच, पुष्कळदा बाईही तीच, पण या दोन मोहिमांची एकमेकींशी ओळख नाही. ऑगस्टमध्ये सांगतात, अंगावर पाजा, कॅन्सर होणार नाही. ऑक्टोबरात सांगतात, गाठ लागली तर लगेच दाखवा. मग जिच्या मांडीवर पाच महिन्यांचं लेकरू आहे आणि जिच्या छातीत आज गाठ येते नि परवा विरते, तिने यातलं कोणाचं ऐकायचं? या प्रश्नापर्यंत वाद पोचतच नाही. तो अडकतो दुसरीकडेच. एक बाजू म्हणते, आपल्या आज्या दोन-दोन वर्षं पाजत होत्या म्हणून त्यांना असले रोग नव्हते, आताच्या मुलींनी पाजणं टाकलं त्याची ही फळं. दुसरी बाजू उत्तर देते, आमच्या ओळखीत चार लेकरं पाजलेल्या बाईला झालाच ना, मग कसलं आलंय संरक्षण? दोघांच्याही हातात अर्धं सत्य आहे, आणि आत्ता, या क्षणी पाजत असलेली आई दोघांच्याही नजरेतून सुटली आहे.

माझं म्हणणं आधीच सांगतो. पाजत्या आईला लागलेली गाठ दोन आठवड्यांत पूर्ण गेली नाही, तर ती "दुधाचीच" आहे असं कोणीही नुसत्या हाताने ठरवू नये. सासूने नाही, मालिशवालीने नाही, डॉक्टरनेही नाही. तिची सोनोग्राफी झालीच पाहिजे. गाठीची विचारपूस करण्याचं काम बाळंतिणीच्या दारात आधीच पोचलेल्या यंत्रणेने अंगावर घेतलं पाहिजे. आणि या सगळ्या काळात पाजणं एक दिवसही थांबता कामा नये. ही तीन वाक्यं एकत्र बोलली जात नाहीत, म्हणून प्रत्येक वाक्य एकेकटं धोक्याचं ठरतं.

पहिल्या बाजूचं जे खरं आहे ते पूर्ण मनाने मान्य करू. पाजण्याचा आणि या आजाराचा संबंध जुना आहे, आणि तो पुन्हा पुन्हा तपासला गेला आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीत बर्नार्डिनो रामाझ्झिनी या वैद्याने लिहून ठेवलं होतं की मूलबाळ नसलेल्या, मठातल्या जोगिणींमध्ये स्तनांचा कॅन्सर जास्त दिसतो. १९२६ मध्ये इंग्लंडच्या जॅनेट लेन-क्लेपन यांनी आजार झालेल्या पाचशे आणि न झालेल्या पाचशे बायकांची माहिती शेजारी शेजारी ठेवून पाहिली. उशिरा लग्न, कमी बाळंतपणं आणि कमी पाजणं या गोष्टी आजारी बायकांमध्ये जास्त निघाल्या. १९७७ मध्ये हाँगकाँगच्या मच्छीमार बायकांचा एक विलक्षण अभ्यास आला. त्यांचे कपडे उजवीकडे उघडायचे, म्हणून त्या फक्त उजव्या बाजूने पाजायच्या. पाळी गेल्यानंतरच्या वयात त्यांच्या न पाजलेल्या बाजूला कॅन्सरचं प्रमाण ठळकपणे जास्त निघालं. बाई तीच, खाणंपिणं तेच, रक्त तेच, फरक फक्त बाजूचा! आणि २००२ मध्ये ३० देशांतल्या ४७ अभ्यासांचा एकत्र हिशोब झाला. एकूण पाजण्याच्या दर १२ महिन्यांमागे धोका ४.३ टक्क्यांनी घटतो, आणि दर बाळंतपणामागे आणखी ७ टक्क्यांनी.

आता हाच आकडा नीट मांडून बघा. आपल्याकडच्या एखाद्या आईने दोन लेकरं, प्रत्येकी दोन वर्षं पाजली, म्हणजे ४८ महिने झाले. पाजण्यापुरता हिशोब केला तर तिचा धोका साधारण १६ टक्क्यांनी कमी होतो. म्हणजे अशा ज्या गटात १०० जणींना आजार झाला असता, तिथे ८४ जणींना होईल. सोळा बायका वाचणं ही लहान गोष्ट नाही, कोणत्याही गोळीने निरोगी बाईला फुकटात इतकं मिळत नाही. पण चौऱ्याऐंशी जणींना होतोच, आणि त्यांनीही चार वर्षं पाजलेलं असतं. "पाजलं म्हणजे होत नाही" असं सांगणारं पोस्टर या चौऱ्याऐंशी जणींना गाठ लपवायला शिकवतं. तिकडे ज्यांना मूलच झालं नाही, ज्यांना दूधच आलं नाही, ज्यांचं बाळ गेलं, त्यांच्यावर ते पोस्टर आजारपणात वरून दोषही टाकतं. त्यांनी काय चूक केली होती?

आणखी एक गोष्ट आहे, ती तर आपल्याकडे बोललीच जात नाही. बाळंतपणाचा दीर्घकाळचा परिणाम रक्षणाचा असला तरी बाळंतपणानंतरची काही वर्षं धोका थोडा वाढलेला असतो. २०१९ मध्ये १५ मोठ्या पाहण्यांच्या एकत्रित अभ्यासात दिसलं की मूल न झालेल्या बायकांच्या तुलनेत ही वाढ शेवटच्या बाळंतपणानंतर सुमारे पाच वर्षांनी सर्वात जास्त असते आणि मग हळूहळू ओसरते, आणि पाजण्याने या वाढीत फारसा फरक पडला नाही. त्या वयात हा आजार मुळातच कमी असल्यामुळे प्रत्यक्ष बायकांची संख्या लहानच राहते, त्यामुळे धास्ती घ्यायचं कारण नाही. पण "पाजतेय ना, मग तिला काय होतंय" हे वाक्य या काळासाठी तरी साफ चुकीचं आहे.

इथपर्यंतचा वाद आकड्यांचा झाला. खरी अडचण मात्र हाताला लागणाऱ्या गाठीची आहे. पाजत्या आईच्या स्तनात गाठी लागतातच, आणि त्यातल्या बहुतेक सगळ्या निरुपद्रवी असतात. गर्भारपणात आणि पाजताना ग्रंथी वाढलेल्या असतात, दुधाने भरलेल्या असतात, स्तन जागोजाग घट्ट आणि गोळ्यागोळ्यांचा लागतो. बाळंतपणाच्या तिसऱ्या ते पाचव्या दिवशी दूध उतरतं तेव्हा दोन्ही स्तन दगडासारखे होतात. काहींच्या काखेतही लिंबाएवढा फुगवटा येतो. ती काखेपर्यंत पसरलेली दुधाची ग्रंथी असते आणि काही दिवसांत बसते. पुढे चौथ्या-पाचव्या महिन्यात आई कामाला लागते. कापसाच्या वेचणीचे दिवस डोळ्यांसमोर आणा. सकाळी सातला बाळाला पाजून आई वावरात जाते, लेकरू घरी आजीजवळ किंवा बांधावरच्या बाभळीला बांधलेल्या झोळीत. वेचणी वजनावर, त्यामुळे ओळ अर्ध्यात सोडवत नाही. दुपारचे बारा वाजतात, पदर ओला होतो, छाती तटतटते. साचलेल्या दुधाचा दाब भोवतीच्या पेशीजाळ्यात सूज आणतो, सुजेने बारीक नळ्या बाहेरून दाबल्या जातात, आणि संध्याकाळी एका बाजूला पाचराच्या आकाराचा, दुखरा, घट्ट पट्टा लागतो. घरातल्या बाया म्हणतात, "दूध गोठी गयं, उतरी जाई." शंभरातल्या नव्वदांहून जास्त वेळा त्यांचं खरंच असतं.

खरं नसतं ते त्यावरच्या उपायांचं. गरम विटेने शेकायचं, हळद-चुन्याचा लेप लावायचा, फणी फिरवायची, मालिशवालीने तेल लावून अंगठ्याने गाठ "फोडायची". आतली नळी दहीभांड्यासारखी दह्याने तुंबलेली नसते, ती सुजेने आवळलेली असते. तिच्यावर जोराने अंगठा फिरवला की पेशीजाळं चिरडतं, सूज वाढते, कधी तिथेच पू धरतो. जुन्या वैद्यकीय पुस्तकांतही शेक आणि मालिश लिहिलेलं होतं. गेल्या काही वर्षांत सल्ला बदलला आहे. आता सांगतात ते असं: बाळ मागेल तसं पाजत राहा. गाठ मोकळी व्हावी म्हणून मुद्दाम जास्तीचं दूध पिळत बसू नका, त्याने दूध आणखी वाढतं. पाजून झाल्यावर ओल्या फडक्यात बर्फ गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं ठेवा. दुखत असेल तर डॉक्टरला विचारून पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन घ्या, दोन्ही पाजताना चालतात. आणि हात फिरवायचाच असेल तर काखेच्या दिशेने, अंगावर साबण फिरवतो तितक्या हलक्या हाताने. वावरात असाल तर दर तीन तासांनी हाताने थोडं दूध काढून ताण उतरवा. निपलभोवतीच्या काळ्या भागाच्या कडेवर अंगठा आणि बोटं समोरासमोर ठेवायची, आधी छातीकडे दाबायची, मग एकमेकांकडे. बोटं कातडीवरून पुढे ओढायची नाहीत. अशी साधी दुधाची गाठ एक-दोन दिवसांत उतरायला लागते. ताप आला, अंग मोडून आलं, कातडी लाल झाली आणि चोवीस तासांत उतार पडला नाही, तर दवाखाना गाठायचा. जंतुसंसर्गासाठी प्रतिजैविकं साधारण १० ते १४ दिवस देतात. ती सुरू करून दोन-तीन दिवसांत फरक नाही तर आत पू झालाय का ते सोनोग्राफीने बघायचं. पू असला तरी आता बहुतेक वेळा चीर न देता सोनोग्राफीत बघत सुईने तो ओढून काढता येतो, आणि पाजणं चालूच राहतं.

म्हणजे पाजत्या स्तनाच्या नेहमीच्या तक्रारींना एक घड्याळ आहे. तास, दिवस, फार तर आठवडा-दीड आठवडा. कॅन्सर हे घड्याळ पाळत नाही. तो विरत नाही. सगळा भेद इथेच आहे, आणि तो ओळखायला डॉक्टरकीची पदवी लागत नाही, दिवस मोजावे लागतात.

त्यातही एक गैरसमज जीवघेणा आहे: "दुखत नाही, म्हणजे काही नाही." आपल्याकडे दुखणं हीच आजाराची खूण धरतात. स्तनाच्या कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. ती घट्ट असते, कडा सहसा ओबडधोबड, पाजल्यावर स्तन रिकामा झाला तरी तिचं माप तेच. दुखरी, येणारी-जाणारी गाठ बाईला दवाखान्यात नेते, न दुखणारी तिला घरी बसवते. शिवाय गाठच असेल असंही नाही. एका बाजूची कातडी संत्र्याच्या सालीसारखी खड्ड्याखड्ड्यांची दिसते, स्तन लाल आणि जड होतो, ताप मात्र नसतो किंवा अगदी कमी असतो, आणि औषधांचा एक कोर्स होऊनही लाली हटत नाही, तर तो स्तनदाह समजून दुसरा-तिसरा कोर्स देत बसू नये. कॅन्सरचा एक झपाट्याने वाढणारा प्रकार असाच सुजेच्या वेषात येतो. निपलला भेगा पहिल्या आठवड्यांत पुष्कळींना पडतात, कारण बाळ निपलच तेवढं तोंडात घेतं. पकड सुधारली, भोवतीचा काळा भागही तोंडात जाऊ लागला की त्या भरतात. पकड सुधारूनही एकाच निपलवरची खपली दोन आठवड्यांत भरली नाही, किंवा आधी बाहेर असलेलं निपल आत ओढलं जाऊ लागलं, तर दाखवायचं. पहिल्या काही दिवसांत दोन्ही बाजूंनी लालसर, गंजलेल्या नळाच्या पाण्यासारखं दूध आलं तर ते साधारण आठवडाभरात आपोआप साफ होतं, बाळाला त्याचा अपाय नाही. पण एकाच बाजूच्या एकाच छिद्रातून आपसूक रक्त येत राहिलं तर ती वेगळी गोष्ट आहे. बाळ अचानक एकच बाजू नाकारू लागलं, तर त्याची बहुतेक कारणं साधी असतात. उदाहरणार्थ, स्तनदाहात दूध खारट होतं. तरीही त्या बाजूला हात लावून बघावा. बाळ जी बाजू टाकतं तिथे पुढे गाठ निघाल्याच्या नोंदी वैद्यकात १९६० च्या दशकापासून आहेत.

आता विरुद्ध बाजूचा सगळ्यात जड मुद्दा घेऊ. स्तनपानासाठी आयुष्य घातलेली मंडळी म्हणतात, पाजत्या आईसमोर कॅन्सर हा शब्दच काढू नका. ती घाबरेल, पाजणं तोडेल, आणि बाटली हातात घेईल. ही भीती पोकळ नाही. धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवर, जिथे पाणी झिऱ्यावरून येतं आणि जळण डोक्यावरून, तिथे पाच महिन्यांच्या बाळाचं आईचं दूध तुटणं म्हणजे काय, हे नंदुरबार जिल्ह्यात काम केलेल्या कोणालाही विचारा. पाणी घातलेलं दूध, नीट न उकळलेली बाटली, जुलाब, आणि मग कुपोषणाच्या यादीत एक नाव. डबाबंद दुधाच्या जाहिरातींना आळा घालायला देशाला १९९२ मध्ये कायदा करावा लागला, तो उगाच नाही. म्हणून हा आक्षेप मी पूर्ण वजनाने घेतो. कॅन्सरची जागृती बाळाच्या तोंडचं दूध काढून घेणार असेल, तर अशी जागृती नको.

पण पाजणं तुटतं ते कशाने? गाठीविषयी अर्धवट बोलल्याने. आजही गाठ दाखवायला गेलेल्या कित्येक बायकांना पहिलं वाक्य ऐकायला मिळतं, "आधी दूध बंद करा, मग तपासू." याला वैद्यकीय आधार नाही. सोनोग्राफीने दुधाला काही होत नाही. मॅमोग्राफीची, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेची, गरज पडली तर तीही पाजताना होते. तिची किरणं दुधात उरत नाहीत, आणि तपासणीच्या अगदी आधी बाळाला पाजून स्तन मोकळा केला की चित्रही जास्त स्वच्छ येतं. संशय उरला तर जाड सुईची बायोप्सी करतात. जागा बधिर करून शेवईच्या तुकड्याएवढे दोन-चार नमुने काढतात. बधिर करायच्या औषधामुळे पाजणं थांबवावं लागत नाही. सुईच्या जागेतून काही दिवस दूध झिरपण्याची थोडी शक्यता असते, पण ते बहुधा आपोआप थांबतं. इथे एक बारीक गोष्ट आहे, ती चुकते आणि महागात पडते. पाजत्या स्तनाच्या पेशी मुळातच फार कामात असतात, भराभर वाढलेल्या दिसतात. बारीक सुईने ओढलेल्या सुट्या पेशींवरून निदान करताना त्या फसवू शकतात, नसलेला कॅन्सर दिसू शकतो. म्हणून जाड सुईचा नमुना बरा, आणि कोणताही नमुना पाठवताना चिठ्ठीवर "पाजत आहे, बाळ इतक्या महिन्यांचं" असं ठळक लिहिलं पाहिजे. बाईने स्वतःही तपासणाऱ्याला तोंडाने सांगावं. दूध तोडण्याची वेळ येते ती आजार पक्का होऊन केमो सुरू होताना, तपासणीला नव्हे. आणि आईला कॅन्सर असला तरी तो दुधातून बाळाला होत नाही, हेही सांगितलं पाहिजे. आपण बाळाला काही भलतंच पाजलं याचा विटाळ त्या आईच्या मनात पुढे वर्षानुवर्षं राहू नये.

म्हणजे घाबरवणं आणि गप्प बसणं एवढेच दोन पर्याय नाहीत. आईला दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगता येतात: "पाजत राहा, आणि पंधरवड्यात न गेलेली गाठ दाखवा." पाजत्या आईला इतकं समजणार नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी जुलाबावरच्या साखर-मिठाच्या पाण्याची आठवण काढावी. एक लिटर पाणी, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. अक्षर न ओळखणाऱ्या आयांनी हे प्रमाण पाठ केलं आणि लेकरं वाचवली.

दुसरा आक्षेप अभ्यासूंचा आहे, आणि तोही तितकाच खरा आहे. शांघायमध्ये सुमारे २ लाख ६६ हजार गिरणी कामगार बायकांवर मोठा प्रयोग झाला. अर्ध्यांना स्तन स्वतः तपासायला रीतसर शिकवलं. २००२ मध्ये निष्कर्ष आला: शिकवलेल्या गटात मृत्यू कमी झाले नाहीत, निरुपद्रवी गाठींच्या बायोप्सी मात्र वाढल्या. आपल्या मुंबईतही १९९८ पासून टाटा रुग्णालयाने वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायकांवर अभ्यास केला. तिथे डॉक्टर नसलेल्या, शिकवून तयार केलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली. २०२१ मध्ये आलेल्या निकालात पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झालेले दिसले, पन्नाशीच्या आत ते दिसले नाहीत. मग पंचविशीच्या आयांच्या मागे कशाला लागता, असा प्रश्न कोणी विचारला तर तो योग्यच आहे.

उत्तर असं की मी पाजत्या आयांची चाळणी करायला सांगत नाही. तक्रार नसलेल्या हजार बायका तपासून एखादीचा आजार शोधणं वेगळं, आणि जिला गाठ लागलीच आहे, जी ती रोज आंघोळीत हाताने चाचपते आहे, तिला उत्तर देणं वेगळं. शांघायचा प्रयोग पहिल्या गोष्टीबद्दल बोलतो. दुसऱ्या गोष्टीला, म्हणजे स्वतःहून लक्षात आलेल्या गाठीची वेळेवर तपासणी करू नका असं म्हणायला, त्यात काहीही आधार नाही. म्हणून महिन्याच्या महिन्याला नियम करून तपासण्याचा आग्रह मी धरणार नाही. एवढंच म्हणेन की आपला स्तन आपल्याला ओळखीचा असावा. पाजून झाल्यावर, स्तन रिकामा असताना, मधल्या तीन बोटांच्या पेरांनी गळ्याच्या हाडापासून काखेपर्यंत अधूनमधून हात फिरवला तर पुरे. भरलेल्या स्तनावर तपासू नये, सगळंच गाठीसारखं लागतं. आणि गाठ लागली तर तारीख कुठेतरी लिहावी. घरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशोब लिहितो तिथेच एक टिंब पुरतं. कारण बाईला विचारलं, "किती दिवस झाले?" की उत्तर येतं, "झाले असतील थोडे." ते थोडे दिवस कधीकधी चार महिने असतात.

अशा दिरंगाईचं मोल मोठं आहे. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षभरात या आजाराचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि सुमारे ९८ हजार मृत्यू. पाश्चात्त्य देशांपेक्षा आपल्याकडचा रुग्ण सरासरीने दहाएक वर्षांनी तरुण असतो. याचं एक कारण आपली लोकसंख्याच तरुण आहे हे खरं, पण त्यामुळे दवाखान्यात येणाऱ्या तरुण बायकांची संख्या कमी होत नाही. गर्भारपणात किंवा बाळंतपणानंतरच्या वर्षभरात सापडणारा हा कॅन्सर दर काही हजार गर्भारपणांमागे एक एवढाच दुर्मीळ आहे. मात्र तो सापडतो उशिरा, आणि त्याचं एक मोठं कारण हेच, की बाई, घर आणि डॉक्टर तिघंही गाठ दुधाची समजून थांबतात.

मग विचारायचं कोणी? सरकारी तपासणीचा कार्यक्रम तिशीला सुरू होतो. आशाताई जो प्रश्नांचा फॉर्म भरतात, त्यात स्तनातली गाठ, निपलमधून रक्त, आकारातला बदल हे तिन्ही प्रश्न आहेत, पण ते तीस वर्षांपुढच्यांसाठी. आपल्याकडे वीस-बावीसला पहिलं आणि पंचविशीत दुसरं मूल होतं. म्हणजे पाजण्याची सगळी वर्षं या फॉर्मच्या अलीकडेच संपून जातात. दुसरीकडे, दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जातात, पुढे ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यात. अकरा वेळा एक शिकवलेली बाई त्या दारात उभी राहते. भेगा आणि साचलेलं दूध विचारलं जातं, पण ते बाळाला दूध मिळावं म्हणून. सव्वा महिना उलटला की वजनकाटा, लस, वरचं खाणं, सगळी विचारपूस बाळाची होते. ज्या अवयवावर दिवसातून दहा वेळा सगळ्या घराचं लक्ष असतं, तो त्या बाईचा स्वतःचाही आहे हे मात्र कोणाच्या फॉर्ममध्ये नाही.

आशांवर आणखी ओझं टाकता का, हा तिसरा आक्षेप. त्यांच्या कामाला रास्त मोबदला नाही हे खरंच आहे. नवजात बाळाच्या गृहभेटींसाठी मूळ आराखड्यात सगळ्या फेऱ्या मिळून २५० रुपये ठरले होते, यातच सगळं आलं. मोबदला वाढलाच पाहिजे. पण मी नवी फेरी मागत नाही. आधीच होणाऱ्या भेटीत दोन प्रश्न मागतो: "कुठे गाठ लागते का? किती दिवसांपासून?" टीबीचं उदाहरण बघा. क्ष-किरण, थुंकी, औषधांचे गट हे सगळं गुंतागुंतीचं असूनही गावात पोचलं ते एक वाक्य: दोन आठवड्यांहून जास्त खोकला, तर थुंकी तपासा. त्या वाक्याने "सर्दीच आहे, जाईल" या समजुतीला तारीख लावली. सर्दी होत नाही असं त्यात कोणी म्हटलं नाही. दुधाच्या गाठीचंही तेच करायचं आहे. दूध गोठत नाही असं कोणी म्हणत नाही, फक्त त्या समजुतीला तारीख हवी.

तारीख ठरली तरी वाट मोकळी पाहिजे. ग्रामीण रुग्णालयात सोनोग्राफी म्हणजे गर्भारपणाची, असंच सगळ्यांच्या डोक्यात असतं. स्तनासाठी पोटावरचा वाकडा प्रोब, म्हणजे मशीनचं अंगावर फिरवायचं टोक, चालत नाही, सरळ तोंडाचा, जास्त वारंवारितेचा लागतो. मशीन असून हा एक प्रोब नसला की बाईला "सिव्हिलला जा" म्हणून चिठ्ठी मिळते. अक्कलकुवा तालुक्यातल्या मोलगीच्या बाईसाठी नंदुरबारचं सिव्हिल म्हणजे मांडीवरच्या बाळासकट अख्खा दिवस, बुडालेली मजुरी आणि नवऱ्याची परवानगी. तिथे "सोमवारी या" ऐकलं की ती परत येत नाही. म्हणून प्रत्येक तालुक्याला तो प्रोब, आठवड्यातला एक ठरलेला वार, आणि तपासायला किंवा निदान शेजारी उभी राहायला एक बाई, एवढं तरी हवंच. पुरुष डॉक्टरसमोर पदर काढायचा संकोच हा अडाणीपणा नाही. तो धरूनच व्यवस्था उभी केली पाहिजे. पुढचा उपचार लागलाच तर तो महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतो, हेही त्याच दिवशी, त्याच टेबलावर सांगावं. कारण गाठ लपवण्यामागे मरणाच्या भीतीइतकीच वावर विकावं लागण्याची भीतीही असते.

सासूलाही या कामात घ्यावं लागेल. बाळंतीण माहेरी असो की सासरी, छाती दुखली तर ती आधी घरातल्या मोठ्या बाईला सांगते, आशाताईला नंतर. आईला, सासूला मूर्ख ठरवून चालणार नाही. त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पान्हा टिकवला आहे, पहिला चीक फेकायचा नाही हे त्यांच्यातल्या पुष्कळींनी शिकून घेतलं आहे. अंगठ्याने गाठ फोडू नये, बर्फ ठेवावा, आणि अमावस्येला लागलेली गाठ पौर्णिमेलाही हाताला लागली तर गाडी बघावी, हे त्यांना त्यांच्याच पंचांगाच्या हिशोबात सांगता येतं. अमावस्या ते पौर्णिमा म्हणजे बरोबर पंधरवडा.

आणि जागा तर तयारच आहे. अंगणवाडीतलं लसीकरणाचं सत्र. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांना आणि मग नवव्या महिन्याला आई बाळाला घेऊन येतेच. मांडीला सुई टोचली की बाळ किंचाळतं, आई भिंतीकडे तोंड करून बसते, पदराआड घेते, आणि ते शांत होतं. लसीनंतर अर्धा तास तिला तिथेच थांबायचं असतं. सिस्टरच्या हातात कार्ड असतं, आशाताई शेजारी बसलेली असते, पुरुष कोणी नसतो. बाळाने एक बाजू रिकामी केलेली असते. दोन प्रश्न विचारायला याहून बरी वेळ कोणती?